रात्री वेगळ्या, वर्षं वेगळी: हॉटेलच्या लाइफटाइम स्टेटसबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या वेळी जाता जाता एक ओळ लिहिली होती की मला यंदा मॅरियट बॉनव्हॉयचं (मॅरियट हॉटेलांच्या मेंबर-योजनेचं) लाइफटाइम प्लॅटिनम मिळालं, आणि त्या एका ओळीवर एवढे प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोठ्या हॉटेल चेनचा मेंबर नंबर फुकट मिळतो, त्या नंबरवर वर्षात ठरावीक रात्री राहिलात की सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असं स्टेटस मिळतं, पण ते दरवर्षी पुन्हा कमवावं लागतं, फिरणं कमी झालं की खाली येता. लाइफटाइम मिळालं की खाली येणं बंद. मी इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका मशिनरी कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर म्हणून सुरुवात केली आणि जवळजवळ वीस वर्षं बॅग घेऊन फिरलो, माझ्या रात्री त्यातल्या आहेत. कामाच्या रात्री, कंपनीच्या पैशाच्या. हे आधीच सांगितलं कारण खालची अर्धी उत्तरं त्यावरच उभी आहेत.

दादा, मी सुपर कॉरिडॉरवर आयटीत आहे, वय २७. महिन्याला आठ-दहा दिवस बंगलोर नाहीतर हैदराबादला क्लायंटकडे असतो, ट्रॅव्हल डेस्क जिथे टाकेल तिथे राहतो. आत्तापासून लाइफटाइमचा विचार करावा का? नेमकं लागतं तरी किती?

करा, आणि आजच करा, कारण तुमच्या वयात याला पैसे लागत नाहीत, फक्त सवय लागते.

मॅरियटमध्ये दोन मोजण्या एकाच वेळी चालू असतात आणि बहुतेक लोक एकच बघतात. पहिली मोजणी आयुष्यभराच्या एकूण रात्रींची, दुसरी किती वर्षं तुमच्याकडे ते स्टेटस होतं त्याची. लाइफटाइम सिल्व्हरला २५० रात्री आणि ५ वर्षं सिल्व्हर किंवा त्याच्या वरचं, गोल्डला ४०० रात्री आणि ७ वर्षं गोल्ड किंवा वरचं, प्लॅटिनमला ६०० रात्री आणि १० वर्षं प्लॅटिनम किंवा वरचं. वर्षं सलग नसली तरी चालतात. आणि वर्षाचं स्टेटस मिळतं कसं तर १० रात्रींना सिल्व्हर, २५ ला गोल्ड, ५० ला प्लॅटिनम, ७५ ला टायटॅनियम. त्याच्यावर अ‍ॅम्बॅसेडर आहे, तिथे १०० रात्री आणि वर २३ हजार डॉलरचा खर्च, ते सोडून द्या.

आता गणित बघा. दरवर्षी बरोबर ५० रात्री केल्या तर दहा वर्षांत ५०० होतात, म्हणजे वर्षं पूर्ण आणि रात्री शंभर कमी. उलट तुमच्यासारखा माणूस वर्षाला १०० करतो, त्याच्या ६०० रात्री सहा वर्षांतच होतात आणि मग तो चार वर्षं नुसता वाट बघतो. तुमचं अडणार आहे ते वर्षांवर, रात्रींवर नाही. म्हणून वर्षाला ६० रात्री एका चेनमध्ये पक्क्या करा, दहा वर्षं, बस. उरलेल्या चाळीस रात्री क्लायंटच्या ऑफिसला जवळ पडेल त्या कुठल्याही चांगल्या हॉटेलात खुशाल राहा, त्यासाठी रोज दीड तास ट्रॅफिकमध्ये घालवू नका. मी घालवलाय, तोही बंगलोरच्या ट्रॅफिकमध्ये, आणि नंतर कळलं की त्या वर्षी त्या रात्रींची गरजच नव्हती.

दुसरी गोष्ट ट्रॅव्हल डेस्कची. तुमचा मेंबर नंबर त्यांच्याकडच्या प्रोफाइलमध्ये एकदा टाकून घ्या म्हणजे प्रत्येक बुकिंगला आपोआप जाईल. आणि विचारा की बुकिंग कॉर्पोरेट रेटवर होतं की कुठल्या ट्रॅव्हल साइटवरून. साइटवरून घेतलेली खोली असेल तर सहसा रात्र मोजली जात नाही, पॉइंटही (ज्यांवर नंतर फुकट रात्री घेता येतात) मिळत नाहीत, मग तुम्ही काउंटरवर कितीही नंबर सांगा. माझी पहिली तीन वर्षं अशीच गेली. तीनशे-चारशे रुपये स्वस्त पडतं म्हणून मी साइटवरून घ्यायचो आणि कुणी सांगणारं नव्हतं. त्यातली एकही रात्र नंतर कुणी धरली नाही.

सुदामानगरहून लिहितोय. माझ्या एकूण ६४० रात्री झाल्यात पण प्लॅटिनमची वर्षं ७ च दाखवतंय. आता प्रमोशन झालं, फिरणं संपलं, वर्षाला पंधरा रात्री होतात. उरलेली तीन वर्षं स्वतःच्या पैशाने पूर्ण करावीत का? एक मित्र म्हणतो की इंदूरमधल्याच विजयनगरच्या मॅरियटला चेक-इन करायचं, चावी घ्यायची आणि घरी येऊन झोपायचं. साडेतीन लाख पॉइंटही पडून आहेत.

काका, तुमचा प्रश्न वाचून मला आधी आनंद झाला, कारण तुम्ही जे गमावलं असं समजताय त्यातलं बरंच तुमच्या खिशात आहे. ४०० रात्री आणि ७ वर्षं म्हणजे लाइफटाइम गोल्ड, आणि प्लॅटिनमची वर्षं गोल्डमध्येही धरली जातात. म्हणजे गोल्ड तुम्हाला मिळालेलंच असणार. अ‍ॅपपेक्षा वेबसाइटवर अकाउंटच्या अ‍ॅक्टिव्हिटी पानावर जा, तिथे लाइफटाइमचे दोन्ही आकडे दिसतात. नसेल दिसत तर मेंबर सर्व्हिसला फोन लावा.

आता पैशाचं. एचडीएफसी बँकेचं मॅरियट बॉनव्हॉय क्रेडिट कार्ड २०२३ मध्ये आलं, त्यावर वर्षाला १० रात्रींचं क्रेडिट मिळतं, फी ३००० आणि वर जीएसटी. तुमच्याकडे नसेल तर घ्या, तुमच्या केसमध्ये ते नक्की वसूल होतं. १० कार्डाच्या, १५ कामाच्या, म्हणजे प्लॅटिनमला २५ कमी. सहा हजारांची खोली धरा, साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर आता ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे ६३०० रुपये. पंचवीस रात्रींचे १ लाख ५७ हजार ५००, तीन वर्षांचे ४ लाख ७२ हजार ५००. पावणेपाच लाख, तेही तुम्हाला जिथे जायचंच नाही तिथे राहण्यासाठी. नका करू. मी स्वतः प्लॅटिनमसाठी जीव टाकला, पण हे पैसे मी घातले नसते आणि तुम्हालाही घालू देणार नाही.

पण ते साडेतीन लाख पॉइंट, तिथे खरी गंमत आहे. पॉइंटवर घेतलेली रात्रसुद्धा रात्र म्हणून मोजली जाते, स्टेटससाठी पण आणि लाइफटाइमसाठी पण. शिवाय पॉइंटवर सलग पाच रात्री घेतल्या तर चारचेच पॉइंट कापतात. समजा रात्रीला १२ हजार पॉइंट पडतात अशी जागा मिळाली, (दर रोज बदलतात, शोधावं लागतं, मिळते) तर ४८ हजारात पाच रात्री. साडेतीन लाखात असे सात वेळा, म्हणजे ३५ रात्री. आता लोक काय करतात की यावर्षी २५ कमी आहेत म्हणून यावर्षीच २५ उडवून टाकतात, एक वर्ष मिळतं आणि पॉइंट संपतात. तुम्ही असं करू नका. वर्षं सलग नको आहेत ना, मग थांबा. ज्या वर्षी ऑडिट म्हणा, नवा प्लांट म्हणा, काही निमित्ताने तुमच्या कामाच्या रात्री तीसच्या आसपास जातील, त्या वर्षी १० कार्डाच्या आणि १० पॉइंटच्या घातल्या की ५० झाल्या. अशी तीन वर्षं येत्या सात-आठ वर्षांत कधीही आली तरी तुमचे पॉइंट तिन्हीला पुरतात आणि थोडे उरतात. तोवर एवढंच बघा की अकाउंट झोपू देऊ नका, २४ महिने काहीच हालचाल नसेल तर पॉइंट जातात. कार्डावर किराणा घेत राहिलात तरी जिवंत राहतात.

चावी घेऊन घरी झोपण्याचं मला पटत नाही, स्पष्ट सांगतो. नियमात मेंबरने स्वतः राहणं धरलेलं आहे, आणि नियम बाजूला ठेवला तरी पाच रात्री खोली रिकामी ठेवून आपण मिळवलं काय? त्या रात्री आई-वडिलांना घेऊन जा, नागपूरला लेक असेल तर तिच्याकडे जाताना तिथे राहा. पॉइंट तुम्ही घरच्यांपासून लांब राहून कमावलेत, घरच्यांसोबत खर्च व्हायला हवेत.

आमच्या बाबांना फोन आला की तुमची निवड झालीय, बायपासजवळच्या एका हॉटेलात जेवायला बोलावलं, आणि तिथे १ लाख ८० हजारात 'लाइफटाइम मेंबरशिप' घ्या म्हणून अडीच तास मागे लागले. तुम्ही म्हणता ते हेच का?

नाही, नाही, नाही. याचा त्याच्याशी काही संबंध नाही आणि बरं झालं विचारलंत. मी ज्याबद्दल लिहितोय तिथे मेंबर व्हायला एक पैसा लागत नाही आणि लाइफटाइम स्टेटस जेवणाच्या टेबलावर कुणी विकत नाही, ते राहून राहून साठतं. तुमच्या बाबांना दाखवलं ती सुट्टीच्या मेंबरशिपची स्कीम, आधी रक्कम, मग दरवर्षी मेंटेनन्स, आणि मे-दिवाळीत जायचं म्हटलं की जागा नाही. 'फक्त आजचा रेट' हे शब्द ऐकले की उठायचं. सही केली नसेल तर विषय संपला. केली असेल तर आजच कागदावरचा कॅन्सलेशनचा परिच्छेद वाचा, ईमेलने लेखी कळवा की रद्द करायचंय, फोनवरच्या गोड बोलण्यावर थांबू नका, आणि दाद देत नसतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार घाला. कार्डावरून परस्पर पैसे काढले असं वाटत असेल तर बँक आणि १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, त्याच तासाला.

अजून एक गोंधळ याच्याच शेजारचा: क्लब मॅरियट नावाची पैसे भरून घ्यायची वर्षाची मेंबरशिप असते, ती खरी आहे, मुख्यतः खाण्यापिण्यावर सूट देते, ज्यांना वाढदिवस वगैरे तिथे करायचे त्यांना परवडते. पण ती बॉनव्हॉयपेक्षा वेगळी, तिच्याने लाइफटाइम होत नाही.

मुलीचं लग्न डिसेंबरात, इंदूरमधल्याच मोठ्या हॉटेलात. चाळीस खोल्या, दोन रात्री. सगळ्या माझ्या नंबरवर टाकल्या तर ८० रात्री मिळतील ना?

नाही मिळणार, आणि सेल्सवाल्याने हो म्हटलं तरी कागदावर मागा. तुम्ही स्वतः राहताय आणि बिल तुम्ही भरताय तर जास्तीत जास्त तीन खोल्यांचे पॉइंट तुमच्या नंबरवर येतात, पण रात्री मोजतात ती फक्त तुमच्या एका खोलीची. चाळीस खोल्यांचं स्वप्न सोडा. मात्र इव्हेंटचा वेगळा हिशोब असतो: पात्र कार्यक्रम केला तर खर्चावर पॉइंट आणि वर्षातून एकदा १० रात्रींचं क्रेडिट. यासाठी तुमचा मेंबर नंबर करारातच लिहिलेला हवा. हळद लागल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही, अ‍ॅडव्हान्स देण्याआधी सांगा. लग्नाला शुभेच्छा, आणि त्या गडबडीत पॉइंटच्या मागे धावू नका, एक ईमेल टाका आणि विसरा.

आम्ही नवरा-बायको दोघंही कामासाठी फिरतो. दोघांच्या रात्री एकाच अकाउंटमध्ये घेता येतात का?

ताई, रात्री नाही, त्या ज्याने काढल्या त्याच्याच. पॉइंट एकमेकांना देता येतात, वर्षाला एक लाखापर्यंत एकाने दिलेले चालतात. मग करायचं काय, तर कामाच्या रात्री आपापल्या नंबरवर, आणि सुट्टीला दोघं एकत्र जाता तेव्हा ज्याचं लाइफटाइम जवळ आलंय त्याच्या नावाने बुकिंग. आमच्याकडे आम्ही दरवर्षी जानेवारीत दोघांचे आकडे वहीत लिहितो आणि ठरवतो यंदा कुणाच्या नावाने. एकाचं लाइफटाइम झालं की दोघांचं झाल्यासारखंच आहे, कारण खोली शेवटी एकच असते आणि लाउंजमध्ये (वरच्या स्टेटसवाल्यांसाठीच्या खाण्या-बसण्याच्या वेगळ्या जागेत) मेंबरसोबत एक माणूस जातो.

माझ्याकडे शेरेटनचं जुनं कार्ड आहे, २००९ ते २०१४ च्या रात्री त्यावर. त्या गेल्या का?

शेरेटन तेव्हा स्टारवुड या दुसऱ्या कंपनीचं. मॅरियटने २०१६ मध्ये स्टारवुड विकत घेतलं, ऑगस्ट २०१८ मध्ये दोन्ही प्रोग्राम एकत्र केले आणि २०१९ मध्ये बॉनव्हॉय नाव दिलं. तेव्हा ज्यांची दोन्हीकडे खाती होती त्यांच्या रात्री बेरजेत धरल्या गेल्या. तुमचा जुना नंबर वेगळ्या ईमेलवर, बहुतेक जुन्या ऑफिसच्या ईमेलवर असेल म्हणून तो जोडला गेला नसेल. नंबर हातात घ्या, फोन लावा, दोन खाती एकत्र करा म्हणून सांगा. पॉइंट एव्हाना गेले असतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, रात्रींचा आकडा विचारा.

याच निमित्ताने सगळ्यांना सांगतो, बिलं ठेवा. एका हॉटेलात (नाव नको) माझ्या अकरा रात्री लागल्याच नव्हत्या, महिनाभर राहिलो होतो आणि मधल्या एका आठवड्याचं बिल आणि वर चार दिवस वेगळ्या नावाने काढलेले. बिलाचे फोटो होते म्हणून सहा ईमेलनंतर का होईना मिळाल्या. चेक-आउटनंतर दहा-बारा दिवसांनी अकाउंट बघायचं आणि रात्र दिसत नसेल तर लगेच मागायची, वर्षभराने कुणी विचारत नाही.

हयात किंवा हिल्टनमध्ये लाइफटाइम सोपं आहे का?

सोपं नाही, वेगळं आहे. हयातमध्ये वर्षांची अट नाही, लाइफटाइम ग्लोबलिस्टला, म्हणजे त्यांच्या सगळ्यात वरच्या स्टेटसला, १० लाख बेस पॉइंट (बोनस सोडून नुसत्या खर्चावर मिळणारे) लागतात, डॉलरला ५ बेस पॉइंट, म्हणजे २ लाख डॉलरचा खर्च. डॉलर ८५ रुपयांना धरला तर १ कोटी ७० लाख. ज्यांची खोली दिवसाला वीस-पंचवीस हजारांची असते आणि जेवणही खोलीच्या बिलावर जातं अशा मोठ्या साहेबांना ते जमू शकतं, आपल्या पाच-सहा हजारांच्या खोल्यांमध्ये आयुष्य जाईल. हिल्टनला दहा वर्षं डायमंड स्टेटस आणि १००० रात्री (किंवा तसाच मोठा खर्च). भारतात फिरणाऱ्या साध्या नोकरदाराला, जिथे खोली स्वस्त आणि रात्री भरपूर, तिथे रात्री मोजणारा प्रोग्रामच फायद्याचा. इंदूरमध्ये विजयनगरला मॅरियट आहे, बायपासला शेरेटन, म्हणजे घरी पाहुणे आले, कुणाचं लग्न असलं तरी वापरता येतं, हाही विचार करा.

आमचे हे तीन वर्षांत रिटायर होतायत. लाइफटाइम प्लॅटिनमला ४० रात्री कमी आहेत, वर्षं झालीत. वहिनी म्हणून विचारते, रिटायर झाल्यावर या कार्डाचं करायचं काय? आणि कंपनीने उद्या बंदच केलं तर?

वहिनी, पहिलं म्हणजे ४० रात्री कमी आणि वर्षं झालेली, ही सगळ्यात चांगली अवस्था आहे. आता वर्षाची काही घाई नाही, रिटायर झाल्यावर पाच वर्षांत आठ-आठ केल्या तरी होतील, आणि वर सांगितलेलं क्रेडिट कार्ड असेल तर त्याच्या दहा आहेतच. त्यांना सांगा शेवटच्या तीन वर्षांत जास्तीचे दौरे मागून घेऊ नका.

बंद करू शकतात का, तर नियम बदलायचा हक्क ते राखून ठेवतात. लाइफटाइम टायटॅनियम होतं, २०१८ संपलं तेव्हा नव्या लोकांसाठी ते दार बंद झालं, पण ज्यांना आधी मिळालं त्यांचं काढून घेतलं नाही. फायदे कमी-जास्त होतील. म्हणून याला एफडी समजू नका, मुलांना वारशातही देता येत नाही.

आणि उपयोग काय, तर मला जो झाला तो सांगतो. प्लॅटिनमला बऱ्याच मोठ्या हॉटेलांत लाउंज किंवा सकाळचा नाश्ता मिळतो, खोली रिकामी असेल तर वरची मिळते, आणि चेक-आउट दुपारी ४ पर्यंत मागता येतं, रिसॉर्टमध्ये मात्र जागा असेल तरच. फिरतीच्या वयात मला लाउंजचं फार कौतुक होतं. आता त्या ४ वाजण्याचं आहे. मार्चमध्ये आईला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला मुंबईला नेलं. ती ८१ वर्षांची आहे, इंदूरची अवंतिका एक्स्प्रेस संध्याकाळी सुटते, आणि बारा वाजता खोली सोडून तेवढा वेळ स्टेशनवर बसणं तिला झेपलं नसतं. काउंटरवरच्या मुलीने न विचारता सांगितलं की सर, चारपर्यंत निवांत थांबा. आई डोळ्यात औषध घालून पडदे लावून दोन तास झोपली. मी खुर्चीत बसून होतो. त्या सगळ्या वर्षांच्या रात्री, पुणे, चाकण, होसूर, मानेसर, कुठे कुठे एकट्याने जेवलो ते, सगळं मला त्या दोन तासांत वसूल वाटलं.

तुमच्या यांना सांगा, चाळीस रात्री सावकाश करा, आणि जमेल तेव्हा तुम्हीही सोबत जा.